अनुमोदक

फ्रेमवाल्यांनी खुर्चीवर चढून नकाशाची दोरी खिळ्याला अडकवली, मान मागे नेऊन पाहिलं, आणि चौकट अगदी सरळ असतानाही तिचा डावा कोपरा बोटभर खाली ओढून पुन्हा वर केला. हात कापायला लागले की ते त्यांना असं काहीतरी काम द्यायचे.

"वा! नकाशा कसला, लग्नाचा फोटो वाटतोय," मागून आवाज आला.

नगर परिषदेचे अध्यक्ष दारात उभे होते. सभागृहात अजून दुसरं कोणी नव्हतं. लांब टेबल, त्याभोवती खुर्च्या, प्रत्येक खुर्चीसमोर झाकण घातलेला पाण्याचा पेला. फ्रेमवाले इतक्या घाईने खाली उतरले की उजवा पाय डाव्या चपलेत गेला.

"सावकाश, सावकाश," अध्यक्षांनी हात पुढे केला. "तुम्हाला काही झालं तर आमच्या ठरावांना वाली कोण?"

फ्रेमवाले हसले. अध्यक्षांनी विनोद केला की हसायचं असतं, हे परिषदेत कुणालाच शिकवावं लागत नसे.

तसा हा विनोद खोटाही नव्हता. बाजारपेठेतल्या लोकांनी फ्रेमवाल्यांना निवडून दिलं होतं ते त्यांचं कुणाशीच वाकडं नव्हतं म्हणून. त्यांचं तसबिरी मढवायचं दुकान होतं. काच कापणं, पट्ट्या जुळवणं, खिळे मारणं, आणि गिऱ्हाईक म्हणेल त्याला मान डोलावणं. परिषदेतही त्यांनी तेच चालू ठेवलं. नियम असा होता की ठराव मांडणारा एक असला तरी त्याला पाठिंबा देणारा दुसरा लागतो. दुसरा मिळाला नाही तर ठराव चर्चेलाही येत नाही. कोणी काही मांडलं की चिटणीस विचारायचे, "अनुमोदक?" आणि फ्रेमवाले म्हणायचे, "अनुमोदन." गटारांना अनुमोदन, दिव्यांच्या खांबांना अनुमोदन, लावलेले खांब उपटून दुसरीकडे लावायलाही अनुमोदन. गावाने त्यांचं नाव अनुमोदनराव पाडलं होतं. फ्रेमवाल्यांना ते लागत नसे. होयबा म्हटल्याने काही अंगाला भोकं पडत नाहीत, असं ते लेकीला सांगायचे.

अध्यक्ष जवळ येऊन नकाशासमोर उभे राहिले आणि नकाशाकडेच पाहत म्हणाले, "ठरल्याप्रमाणे जावई आज संध्याकाळी घरी जेवतील. फौजदारांना मी सांगून ठेवलंय."

फ्रेमवाल्यांनी हात जोडले.

"साहेब, तुमचे फार उपकार..."

"उपकार कसले त्यात. घरचाच मुलगा आहे. बैठक तेवढी सुरळीत होऊ दे म्हणजे झालं. तुम्ही वेगळं काही करायचं नाही. नेहमीचा एक शब्द."

"हो साहेब."

"चौकट मात्र झकास जमलीय," अध्यक्ष म्हणाले आणि खांद्यावर थोपटून निघून गेले.

चौकट जमली होती ती फ्रेमवाल्यांच्या जिवाला चुटपुट लावून जमली होती. नकाशा नव्या इमारतींचा होता: एक तुरुंग, एक न्यायालय. तुरुंग ठळक काळ्या रेघांनी काढलेला होता, भिंती, मनोरे, कोठड्यांच्या रांगा, पाहावं तिकडे कोठड्याच. न्यायालय खालच्या बाजूला ठिपक्याठिपक्यांनी दाखवलं होतं, म्हणजे ते नंतर, जमेल तेव्हा. अध्यक्षांनी पाठवलेल्या तयार चौकटीत कागद मावत नव्हता. फ्रेमवाल्यांनी निरोप धाडला, तर उत्तर आलं, "ठिपक्यांचं आहे ना? तेवढं उडवा." त्यांनी पट्टी ठेवली आणि धारदार पात्याने न्यायालय कापून टाकलं. हातासरशी झालं. नंतर मात्र ती कापलेली पट्टी कचऱ्यात टाकवेना, म्हणून दुकानातल्या टेबलाखाली सरकवून ठेवली.

जुनी कोठडी याच सभागृहाच्या खाली, तळघरात होती. न्यायालय म्हणायचं तर धान्याच्या गोदामावरचा एक भाड्याचा मजला होता. त्याचं छत कोसळल्यापासून न्यायाधीश गावात येईनासे झाले. बसायचं कुठे, असा त्यांचा रास्त प्रश्न होता. पोलिसांना मात्र असला काही प्रश्न नव्हता. ते माणसं आणत राहिले आणि तळघर भरत राहिलं. आत गेलेल्याचं काय चुकलं ते ऐकून घेणारं कोणी नव्हतं, त्यामुळे आत गेलेला आतच राहायचा.

फ्रेमवाल्यांचा जावई वायरमन. लोकांचा मोर्चा निघाला त्या दिवशी तो खांबावर चढून तुटलेली तार जोडत होता. लाठीमार झाला, लोक पळाले. हा पळणार कुठे? खांबावरून उतरेपर्यंत खाली पोलीस उभे. "वर चढून जमावाला इशारे करत होता" असं त्यांनी लिहिलं. फ्रेमवाल्यांना आधी हसूच आलं होतं. वाटलं, सकाळी सोडतील. ती सकाळ अजून उगवायची होती. लेक घर बंद करून बापाकडे येऊन राहिली, आणि तेव्हापासून ती दोघं एकमेकांशी फक्त जेवण, पाणी, डबा एवढंच बोलत होती.

आज दुपारी डबा घेऊन फ्रेमवालेच खाली गेले होते. गजांपलीकडे माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसलेली, कारण पाय पसरायला जागा नव्हती.

"आमच्यासाठी मोठी जागा बांधताय म्हणे," जावई डबा घेत म्हणाला. त्याची दाढी वाढली होती आणि मान आखडल्यासारखी एकीकडे कलली होती. "बांधा. पाय तरी लांब करता येतील."

"असं बोलू नये," फ्रेमवाले म्हणाले.

"मग कसं बोलायचं, बाबा? तुम्हीच सांगा."

फ्रेमवाल्यांच्या जिभेवर एकच गोष्ट होती, आज संध्याकाळच्या सुटकेची, आणि लेकीने बजावलं होतं, त्यांना आधी काही कळू देऊ नका, ते नको म्हणतील. जावयाच्या मागे, भिंतीला पाठ लावून औषधवाले बसले होते. ते बाजारपेठेच्या दुसऱ्या टोकाचे सदस्य. परिषदेत त्यांची खुर्ची फ्रेमवाल्यांच्या खुर्चीला लागून. मागच्या बैठकीत त्यांनी एवढंच विचारलं होतं की न्यायाधीशाला बसायला जागा नाही, मग तुरुंगात बसायला माणसं येणार कुठून? दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दुकानात मुदत संपलेली औषधं सापडली. औषधवाल्यांनी फ्रेमवाल्यांकडे एकदा पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. फ्रेमवाल्यांनाही ते बरंच वाटलं.

आता लेक आवारात, पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून होती. तिच्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत नवऱ्याचा इस्त्री केलेला शर्ट.

सदस्य आले. आपापल्या खुर्च्या बिनआवाजाने ओढून बसले. औषधवाल्यांची खुर्ची रिकामी होती. तिच्यासमोरही शिपायाने पाण्याचा पेला ठेवला होता. कोणी तिच्याकडे पाहिलं नाही, आणि ती हलवून जागा मोठी करावी असंही कुणाला वाटलं नाही. खालून, फरशीत बसवलेल्या तळघराच्या जाळीतून कुणाचा तरी खोकला आला. तसा खोकला आला की वर सगळ्यांना एकदम तहान लागायची. चार-पाच पेल्यांची झाकणं खणखणली.

उपाध्यक्ष उभे राहिले. ते धान्याचे व्यापारी. कोसळलेल्या छताचं गोदाम त्यांचंच. त्यांनी कागदावरून वाचलं, "नगराची वाढ, वाढती गुन्हेगारी आणि नागरिकांची सुरक्षितता लक्षात घेता, प्रथम तुरुंगाची व तदनंतर सोयीनुसार न्यायालयाची इमारत बांधण्यात यावी, असा ठराव मी मांडतो."

"अनुमोदक?" चिटणिसांनी विचारलं. चिटणीस म्हातारे, वाळके, वहीत नाक खुपसलेले. या टेबलावर किती अध्यक्ष आले आणि गेले, त्यांची वही तीच.

"अनुमोदन," फ्रेमवाले म्हणाले.

झालं. इतकं सोपं. त्यांनी हात मांड्यांखाली दाबून धरले होते, ते आता मोकळे केले. शर्टाला किती घड्या पडल्या असतील, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं. आज रात्री जावयाला गरम पाणी काढून द्यायचं, आखडलेल्या मानेला शेक द्यायचा. मग कधीतरी त्याला सगळं सांगायचं. की नाहीच सांगायचं? सुटला तो सुटला. कशामुळे सुटला याची चौकशी कोण करतं?

"दुसरा ठराव आहे माझा," असा आवाज आला.

शाळेच्या बाई उभ्या राहिल्या होत्या. निम्म्या टेबलाला त्यांनी कधी ना कधी बाकावर उभं केलं होतं, अध्यक्षांनासुद्धा. निवृत्त होऊन त्या परिषदेत आल्या आणि प्रत्येक बैठकीत काही ना काही मांडून एकट्याच पडल्या. त्यांच्या ठरावाला अनुमोदक मिळत नसे. चिटणीस विचारायचे, शांतता व्हायची, चिटणीस खोडायचे आणि बाई बसायच्या. फ्रेमवाले त्या शांततेत पायाची बोटं चपलेत आवळून धरायचे.

"बोला, बाई," अध्यक्ष म्हणाले. त्यांचा स्वर मऊ होता.

"आधी न्यायालय, मग तुरुंग," बाई म्हणाल्या. त्यांच्या हातात कागद नव्हता. "आणि न्यायालय बांधून होईपर्यंत न्यायाधीशांनी या सभागृहात बसावं. आपण काय, कुठेही बसू. खाली जे आहेत त्यांना एकेक करून वर आणावं आणि त्यांचं ऐकून घ्यावं. जिना चढायचा आहे फक्त. एवढंच म्हणायचंय."

त्या थांबल्या. त्यांचा हात टेबलाच्या कडेवर होता आणि तो थरथरत होता. बाईंना भीती वाटते हे फ्रेमवाल्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. त्यांना वाटलं होतं, भीती ही फक्त आपल्यासारख्यांची मिरास. बाईंचा हात बघता बघता त्यांचं भान सुटलं. खाली कोणीतरी पुन्हा खोकलं. तो खोकला जावयाचा की औषधवाल्यांचा, याकडे त्यांचा कान लागला.

"अनुमोदक?" चिटणिसांनी विचारलं.

"अनुमोदन," फ्रेमवाले म्हणाले.

शब्द बाहेर पडला आणि मग त्यांनी तो ऐकला. झोपेत लाथ मारावी तशी जीभ हलून गेली होती. एवढ्या वर्षांत 'अनुमोदक?' या शब्दानंतर दुसरं काही म्हणायची तिला सवयच नव्हती. समोरच्या सदस्याचा पेला तोंडाशी तसाच राहिला. बाईंनी मान वळवून फ्रेमवाल्यांकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, तिथेही भीतीच होती, या खेपेला फ्रेमवाल्यांसाठी.

मेलो, असं फ्रेमवाल्यांना स्पष्ट वाटलं.

अध्यक्ष हसले.

"घ्या! सवयीचा गुलाम म्हणतात तो असा," ते म्हणाले. टेबलाभोवती सगळे सुटल्यासारखे हसले. "उद्या आम्ही यांना शिव्या दिल्या तरी हे अनुमोदन देतील. फ्रेमवाले, चुकून बोललात ना?"

"हो, साहेब."

"मग तसं म्हणा, बाबा. आणि आम्हाला पुढे जाऊ द्या."

फ्रेमवाले उभे राहिले. बैठकीत ते कधी उभे राहिले नव्हते. अनुमोदन बसल्या बसल्या देता येतं. त्यांनी शेजारच्या रिकाम्या खुर्चीची पाठ धरली.

"चूक झाली," ते म्हणाले. "अनुमोदन मागे घेतो."

"कोणतं?" चिटणिसांनी विचारलं.

"कोणतं म्हणजे?" अध्यक्षांचं हसू अजून चेहऱ्यावर होतं.

"आज यांनी दोन दिली आहेत," चिटणीस वहीतून मान वर न करता म्हणाले. "कोणतं खोडायचं?"

"अहो, दुसरं! दुसरं!" उपाध्यक्ष ओरडले.

"सदस्याने स्वतः म्हणावं लागतं. नियम आहे."

सगळे फ्रेमवाल्यांकडे पाहू लागले.

इथे त्यांना धीर आला, असं सांगायला छान वाटलं असतं. पण धीर वगैरे काही आला नाही. आली ती आणखी मोठी भीती. जावई आज सुटेल, जेवेल, झोपेल. उद्या कुठल्या खांबावर चढेल? परवा कोणी येऊन म्हणालं, पुन्हा चला, तर? मग पुन्हा इथेच यायचं, चपला उलटसुलट घालून, हो साहेब म्हणत. धरणारे हेच, सोडणारेही हेच. मध्ये कोणी नाही, ज्याच्यापुढे उभं राहून माणसाला सांगता येईल की मी तार जोडत होतो. आधी जावई, मग औषधवाले, नंतर बाई. आणि इतक्या सगळ्या कोठड्या, त्यांनी स्वतः काच पुसून, चौकट मढवून भिंतीवर लावलेल्या. त्या रिकाम्या ठेवायला कोणी बांधतं का? लेकीचा चेहरा त्यांच्या डोळ्यांपुढे आला. तो त्यांनी बाजूला सारायचा प्रयत्न केला, पण तो काही सरेना. इकडे आड, तिकडे विहीर. त्यांना दोन्हींची भीती वाटत होती आणि त्यातल्या एकाची जास्त वाटत होती, बस.

"पहिलं," ते म्हणाले.

"मोठ्याने," चिटणीस म्हणाले.

"पहिलं मागे घेतो. मघाचं. ते चुकलं."

चिटणिसांनी पट्टी ठेवून वहीत एक रेघ मारली. रेघेचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "पहिल्या ठरावाला अनुमोदक?" त्यांनी विचारलं.

उपाध्यक्षांनी उजवीकडे पाहिलं. उजवीकडच्याने डावीकडे पाहिलं. आजवर हा प्रश्न कुणाला विचारलेला नव्हताच. तो फ्रेमवाल्यांना विचारला जायचा आणि बाकीचे त्या वेळात नाक पुसायचे, घड्याळ पाहायचे. अनुमोदकाचं नाव वहीत कायमचं जातं. उद्या वारं फिरलं तर आधी ते नाव शोधतात. इतकी वर्षं सगळ्यांनी आपापली नावं त्या वहीपासून सांभाळून ठेवली होती, आणि ती सांभाळायला फ्रेमवाले होते. शिवाय प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर भिंतीवर तो नकाशा होता.

"अनुमोदक?" चिटणिसांनी दुसऱ्यांदा विचारलं.

अध्यक्षांची नजर एकेका चेहऱ्यावरून फिरू लागली. जिच्यावर ती जाई ती मान खाली होई. फ्रेमवाल्यांना ही शांतता ओळखीची होती. बाईंच्या ठरावांनंतर पडायची तीच ही. घाबरलेली माणसं गप्प बसतात, आणि गप्प बसायची त्यांना सवय लागली की ती सवय कुणाच्याच कह्यात राहत नाही, ज्याने लावली त्याच्यासुद्धा नाही. दाराजवळच्या सदस्याने तोंड उघडलं, पण ते खोकण्यासाठी.

"अनुमोदक नाही, ठराव पडला, पडलेला ठराव वर्षभर आणता येत नाही," चिटणिसांनी एका दमात म्हटलं. नियमाप्रमाणे तिसऱ्यांदा विचारायचं त्यांच्याकडून राहिलं. इतक्या जुन्या माणसाकडून राहावं याचं नंतर पुष्कळांना नवल वाटलं. "दुसऱ्या ठरावाला सूचक आणि अनुमोदक आहेत. मतदान पुढच्या बैठकीत."

अध्यक्ष उठले. चिडले नाहीत, टेबलावर हात आपटला नाही. जाताना फ्रेमवाल्यांपाशी थांबले आणि त्यांच्या सदऱ्याच्या खांद्यावरची काचेची बारीक कणी बोटाने झटकली.

"दुकान एकटेच बंद करता ना हल्ली?" त्यांनी विचारलं. "काळजी घेत जा. काचेचं काम आहे."

ते गेल्यावर बाकीचे गेले. जाताना कोणी फ्रेमवाल्यांकडे पाहिलं नाही. बाई तेवढ्या थांबल्या. जवळ आल्या आणि त्यांच्या हातावर हात ठेवून गेल्या. बाईंचा हात गार होता.

बाहेर आवारात उन्हं उतरली होती. लेक टाकीपासून उठून पायऱ्यांशी आली होती. तिने केस नीट बसवले होते.

"कधी सोडतायत?"

"तारीख लागेल," फ्रेमवाले म्हणाले.

"कसली तारीख?"

"सुनावणीची. न्यायाधीश येतील. इथेच, वर बसतील. बाईंचा ठराव आहे, पुढच्या बैठकीत मतं पडली की..." त्यांना पुढे बोलता येईना. "मी त्याला अनुमोदन दिलं. चिटणिसांनी विचारलं, कोणतं मागे घेताय, तर अध्यक्षांचं मागे घेतलं."

लेकीला समजायला वेळ लागला नाही.

"आज सोडणार होते ते."

"हो."

"आज संध्याकाळी."

"हो, बाळ."

"जन्मभर येणाऱ्याजाणाऱ्याला हो म्हणत आलात, बाबा," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "गटाराला हो, खांबाला हो. माझ्याच वेळी बरं तुम्हाला नाही सुचलं."

फ्रेमवाल्यांनी काही उत्तर दिलं असतं तरी या घडीला ते त्यांना स्वतःलाच पटलं नसतं. खरंच काय करून बसलो? पोरीचा संसार एका शब्दावर उभा होता आणि तो शब्द आपण परत मागून घेतला. त्यांचे डोळे भरून आले. ते त्यांनी सदऱ्याच्या बाहीने पुसले.

"मी सांगते त्यांना," लेक म्हणाली. पिशवी तिने छातीशी धरली आणि ती तळघराच्या पायऱ्या उतरून गेली.

फ्रेमवाले वरच्या पायरीवर उभे राहिले. खाली जायची त्यांना छाती झाली नाही. लेकीचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मग तो थांबला. फ्रेमवाल्यांना वाटलं, आता हा मुलगा माझं तोंड पाहणार नाही.

मग जावई हसला. मोठ्याने, पोट धरून हसावं तसा. "कोणी? बाबांनी?" एवढं स्पष्ट ऐकू आलं. औषधवाल्यांचा घोगरा आवाज आला, काय झालं, काय झालं, आणि जावयाने पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं, चिटणिसांचं "कोणतं?" त्याने चिटणिसांच्या आवाजात म्हटलं. कोठडीत बरेच जण हसले. त्या तळघरातून खोकल्याशिवाय दुसरा आवाज येतो हे फ्रेमवाल्यांना ठाऊकच नव्हतं. ते भिंतीला टेकून उभे राहिले. आपण रडतोय की हसतोय हे त्यांना कळलं नाही.

पण ते हसणं फार टिकलं नाही. एकाएकी ओसरलं. जावई हळू आवाजात लेकीला काहीतरी सांगू लागला आणि बराच वेळ सांगत राहिला. औषधवाले मधूनमधून एखादा शब्द घालत होते.

ती वर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. रागात होती तेव्हा ती बरी दिसत होती, असं फ्रेमवाल्यांना वाटलं.

"ते म्हणाले, अंधार पडायच्या आत घरी जा," ती म्हणाली. "आणि दुकान उघडू नका काही दिवस. पुढची बैठक होईपर्यंत तरी."

"गिऱ्हाइकांच्या तसबिरी पडल्यात तयार."

"पडू देत." तिने आवारात सगळीकडे नजर फिरवली. "बाबा, अध्यक्ष काही बोलले का तुम्हाला?"

"नाही. काही नाही." फ्रेमवाल्यांनी चपला सरळ केल्या. "दुकान एकटाच बंद करतो का, एवढं विचारत होते."

लेक जागच्या जागी थांबली. मग तिने त्यांचा दंड धरला. पहाऱ्यावरच्या शिपायाने फाटक उघडलं आणि त्यांच्याकडे न पाहता बाजूला झाला. बाहेर नेहमीची रहदारी होती. गाड्या जवळून, फार जवळून जात होत्या. लेकीने पिशवी दुसऱ्या हातात घेतली, बापाच्या पुढून पलीकडे गेली, आणि बापाला आतल्या बाजूला ठेवून स्वतः रस्त्याच्या बाजूने चालू लागली.